शकूकाकू आणि तेवीस घरांची तक्रार

शकूकाकू बोलायच्या आधी थांबायच्या. तुम्ही मान वर करून त्यांच्या तोंडाकडे बघेपर्यंत एक शब्द नाही. तुम्ही भाजी चिरत असा की लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेले असा, त्या समोर येऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "इकडे पाह्य." मग तुम्ही बघायचं आणि मग त्या बोलायच्या. पहिल्या भेटीत मला वाटलं, बाई नक्की हेडमिस्ट्रेस असणार. माझ्या नवऱ्याला, मंदारला, वाटलं की आपलं काहीतरी चुकलंय आणि आता बोलणी बसणार. त्या फक्त विरजण आहे का विचारायला आल्या होत्या.

ही गोष्ट इंग्लंडमधल्या रीडिंग गावची, दोन हजार सहा-सातच्या सुमाराची. आमच्या क्लोजमध्ये, म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या गल्लीत, तेवीस घरं होती आणि त्यातली सात मराठी. एकाने घर घेतलं, त्याने ऑफिसातल्या दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याच्या बायकोने मैत्रिणीला सांगितलं, अशी ती सात झाली. आम्ही बहुतेक पुण्या-मुंबईचे. सतरा नंबरचे वैरागडे तेवढे नागपूरचे. मुलगा सुहास रोज ट्रेनने लंडनला जायचा, सून रश्मी इथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर होती आणि ईशा नावाची सात वर्षांची नात होती. काका, म्हणजे सुहासचे वडील, गेल्यावर त्याने आईला इकडे आणलं. त्या आई म्हणजे शकूकाकू.

काकूंची सगळी नोकरी नागपूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेली होती. तेव्हा दुसऱ्या गावी फोन करायचा तर आधी नंबर बुक करावा लागे, मग तासन् तास वाट बघावी लागे, आणि मग एक्स्चेंजमधली बाई तुमची लाइन जोडून देई. ती बाई म्हणजे काकू. तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन विचारायचं, वाढवायचं का? निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी ही सवय सुटली नव्हती. माझ्याकडे चहाला आल्या की थोड्या वेळाने घड्याळ बघून म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायचं का?" मी हो म्हटलं की परत बसायच्या. असं रीतसर विचारत विचारत त्यांनी माझ्या किचनमध्ये दीड-दीड तास काढलेला आहे.

पुणेकरांवर त्यांचा विशेष लोभ होता. "तुमचे पुण्याचे लोक," त्या मला सांगायच्या, "तीन मिनिटांचे पैसे भरायचे आणि अडीच मिनिटांत फोन ठेवून द्यायचे. उरलेल्या अर्ध्या मिनिटाचं काय करत होते, देव जाणे."

"आणि नागपूरचे?"

"नागपूरचे सहा मिनिटं भांडायचे आणि मग मलाच विचारायचे, बाई, कामाचं बोलायचं राहिलंच, आता काय करू?"

त्या समोरच्याला आपल्या तोंडाकडे का बघायला लावतात, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. त्यांची थोरली बहीण विमलताई ऐन तिशीत एका आजारपणात ठार बहिरी झाली. कानाला यंत्र लावूनही उपयोग नव्हता. मग ती ओठ वाचायला शिकली, पण वाटेल त्याचे नाही. तिला नीट वाचता यायचे ते दोघांचेच ओठ, एक तिच्या नवऱ्याचे आणि दुसरे शकूचे. इतरांशी पाटी-पेन्सिल. नवरा वारला तेव्हापासून विमलताईंशी तोंडाने बोलू शकणारं माणूस एकच उरलं होतं, आणि ते सुहासने उचलून रीडिंगला आणलं होतं.

"मी येत नव्हती," काकू म्हणाल्या. "पण सुहास म्हणाला, आई, दर रविवारी व्हिडिओ कॉल लावून देईन, तू समोर बसून बोल. तिचा पुतण्या रविवारी लॅपटॉप घेऊन येतो तिच्याकडे. मग म्हटलं, चला. पत्रं लिहितो नं आम्ही, पण पत्रात भांडता येत नाही."

पहिले काही महिने बरे गेले. इथले दहा म्हणजे तिकडची दुपार. काकू आंघोळ करून, चांगली साडी नेसून, खिडकीतला उजेड तोंडावर पडेल अशा बेताने खुर्ची लावून बसायच्या. मग क्लोजमधल्या घराघरात ब्रॉडबँड आलं, सगळ्यांनी एकाच कंपनीचं घेतलं आणि काकूंचं चित्र अडकायला लागलं. काकूंचा आवाज गेला असता तर चाललं असतं, विमलताईंना तो तसाही ऐकू येत नव्हता. नेमके ओठच थांबायचे. नागपूरला विमलताईंना दिसायचं काय, तर अर्धं तोंड उघडून बसलेली शकू. ईशा बाहेर येऊन तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत जाहीर करायची, "मावशीआजी परत फ्रीझ झाला." आणि काकू पडद्याकडे बघत तशाच बसून राहायच्या.

त्या हिवाळ्यात त्यांनी सुहासला शांतपणे सांगितलं की एप्रिलचं नागपूरचं तिकीट काढ. जायचंच. तोवर ओठ हलायला लागले तर मे महिन्यात परत येईन, नाही हलले तर तिकडेच राहीन. "तुम्ही चौघं एकमेकांशी बोलू शकता," त्या म्हणाल्या, "तिच्याशी बोलणारं दुसरं कोणी नाही." चौघांत त्यांनी स्वतःलाही धरलं होतं, हे सुहासने मला दोनदा सांगितलं. रश्मीने तर हॉस्पिटलातल्या ड्यूट्या बदलून सासूला सांगून बघितलं की मी तुमच्याबरोबर वर्षातून दोनदा येते नागपूरला. काकू म्हणाल्या, ये की, पण दोनदाने काय होतं.

कंपनीला फोन करून झाले होते. सुहासने केले, मी केले. चाळीस मिनिटं गाणं ऐकायचं आणि मग एका गोड मुलाने सांगायचं की प्लग काढा, तीस सेकंद थांबा, परत लावा. काकूंना हे कळलं तेव्हा त्या खूश झाल्या. "आम्हीही हेच सांगायचो. रिसीव्हर दोनदा ठेवून उचला म्हणून. तेवढ्यात आमचा चहा व्हायचा."

मग त्यांनी मला तक्रारीचं शास्त्र सांगितलं. "इकडे पाह्य. एकाची तक्रार आली की आम्ही लिहायचो, ग्राहक कटकट्या. दोघांची आली की लिहायचो, बघू. एकाच केबलवरच्या पाच तक्रारी एकाच दिवशी आल्या की साहेब स्वतः लाइनमन घेऊन पळायचा. तू एकटी फोन करून राहिली नं, तू कटकटी आहेस."

आमच्या क्लोजच्या रहिवासी मंडळाचा अध्यक्ष ब्रायन नऊ नंबरमध्ये राहायचा. रेल्वेतून निवृत्त झालेला, दारात एक जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं घर, आणि गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीवर पत्र लिहायची हौस. काकू मला घेऊन त्याच्याकडे गेल्या. सगळ्यांची मिळून एकच तक्रार करता येईल का? ब्रायन मिशीत हसला. "ते अमेरिकेत," तो म्हणाला. "तिकडे सगळे मिळून एक दावा ठोकतात आणि वकील नवीन बोट घेतो. आपल्याकडे, माय डिअर, प्रत्येकाने आपापलं नाराज व्हायचं असतं."

काकूंचं इंग्रजी ऑपरेटरचं होतं, मोजकं आणि खणखणीत. त्या म्हणाल्या, "ऑल राइट. सेपरेटली. बट सेम डे."

तेवीस घरांना कसं गाठायचं? काकूंनी संक्रांतीचं हळदीकुंकू ठरवलं. रश्मीच्या नावाने बोलावणी गेली, मराठी घरांत तर गेलीच, पण बाकीच्या सोळा दारांतूनही कार्डं टाकली. थंडी मरणाची होती. तरी ब्रायनची मार्गरेट आली, बारा नंबरच्या दोघी पोलिश बहिणी आल्या, एकवीस नंबरची एकटी राहणारी म्हातारी मिसेस डॉब्स तर सगळ्यांच्या आधी येऊन बसली. मार्गरेटने कुंकू लावून घेतलं आणि हॉलमधल्या आरशात दोनदा जाऊन बघून आली. काका गेल्यापासून काकू स्वतः कुंकू लावत नसत, पण दुसऱ्यांना लावायला त्याच पुढे होत्या. आमच्यातल्या एकीने भुवई वर केली तेव्हा काकू तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, तिने वर बघेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "पुढे हो बाई, रांग मोठी आहे."

वाण म्हणून प्रत्येकीला एक छोटी वही आणि पेन्सिल, जी घरं आली नाहीत त्यांच्या दारातूनही टाकलेली. वहीत रकाने काकूंनी हाताने आखले होते. तारीख, वेळ, वेग. आणि शेवटी आणखी एक रकाना, पाऊस होता की नव्हता. या शेवटच्या रकान्याला आम्ही सगळे हसलो. इंग्लंडमध्ये पाऊस होता का म्हणून विचारायचं म्हणजे काय? काकू म्हणाल्या, तुम्ही लिहा, हसायचं नंतर बघू. तिळगूळ हातावर ठेवताना त्या मिसेस डॉब्सना म्हणाल्या की गोड बोला, पण तक्रार लेखी द्या. हे मी तिला इंग्रजीत सांगितलं तर ती म्हणाली की तिच्या आईचं मतही अगदी हेच होतं.

आता माझी कर्तबगारी सांगायला हवी. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर टेस्टर. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. वेग मोजायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं, आणि मी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना सांगितलं की आकडे एकमेकांशी ताडून बघता आले पाहिजेत, म्हणून सगळ्यांनी एकाच वेळी मोजायचं. कधी? रविवारी सकाळी दहा वाजता. कारण आम्हा सात मराठी घरांना तीच वेळ सोयीची. त्या वेळी आम्ही तसेही कॉम्प्युटरसमोर असायचो, कोणाची आई पुण्याला, कोणाचे सासरे ठाण्याला. तीन रविवार आम्ही मोजलं. आकडे इतके वाईट आले की आम्ही आनंदाने एकमेकांना फोन केले. मग एकाच सोमवारी तेवीस तक्रारी तेवीस पाकिटांतून रवाना झाल्या.

काकूंचं शास्त्र खरं ठरलं. दहा दिवसांत कंपनीचा एक माणूस भेटायला आला. पीटर्स नावाचा, तरुण, टाय लावलेला, दमलेला. चर्चच्या हॉलमध्ये आम्ही जमलो. त्याने माझा तक्ता बघितला, उलटून बघितला आणि अतिशय सभ्यपणे विचारलं की हे सगळं तुम्ही एकाच वेळी मोजलंत का.

"हो," मी अभिमानाने म्हणाले. "दहाच्या ठोक्याला."

"आणि त्याच वेळी काही घरांत व्हिडिओ कॉलही चालू होते?"

"सात."

त्याने टेबलावर हात ठेवले. लाइन सगळ्यांची मिळून असते, तो म्हणाला, आणि वेग मोजण्याचा कार्यक्रम हाच सगळ्यात जास्त वेग खातो. तेवीस जणांनी एकदम मोजलं तर तेवीस जणांना तो कमीच दिसणार. एकाच नळाला तेवीस बादल्या लावून पाणी कमी येतं म्हणण्यासारखं आहे हे. हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. मंदार छताकडे बघत होता. टेस्टर म्हणून माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट दिवस, आणि तो मी स्वतः आखला होता.

घरी परतताना मी काकूंची माफी मागितली. त्यांचं तिकीट एप्रिलचं, आणि मी फेब्रुवारी निम्मा वाया घालवला होता. काकू फुटपाथवर थांबल्या. मी वर बघेपर्यंत थांबल्या. "रडतेस काहून? नवीन ऑपरेटर पहिल्या दिवशी सगळ्या लाइनी एकदम जोडते. मीही जोडल्या होत्या. कलेक्टरला एका लग्नघरी बोलायला लावलं होतं मी. चल, चहा कर."

त्या चहावर काकूंनी बुकिंगची पद्धत बसवली. प्रत्येक घराला मोजायची वेगळी वेळ, दिवसातून दोनदा. रविवारच्या कॉलनाही पाळ्या, नऊपासून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. पहिल्याच रविवारी मराठी घरांत कुरकुर झाली, कारण चौदा नंबरच्या, म्हणजे आमच्याच, ठाण्याच्या सासूबाईंना टीव्हीवरची मालिका चुकवून बोलावं लागणार होतं. काकूंनी सगळ्यांना गप्प केलं. ठरलेल्या वेळेला बरोबर पाच मिनिटं कमी असताना त्या फोन करून सांगायच्या, "तयार राहा, तुमची पाळी येऊन राहिली." मिसेस डॉब्सचं इंडियात कोणीच नव्हतं, पण तिलाही पाळी हवी होती, म्हणून काकूंनी तिला अकराची दिली. ती त्या वेळात पत्त्यांचा खेळ खेळायची.

पाळ्यांनी थोडा फरक पडला, पण थोडाच. काकूंचे ओठ आता दोन मिनिटं हलायचे आणि मग अडकायचे. काही रविवारी अजिबात अडकायचे नाहीत, काही रविवारी सुरुवातच व्हायची नाही. का ते कळत नव्हतं.

मार्चच्या मध्यावर कंपनीचं तडजोडीचं पत्र आलं. तेवीस घरांना तेवीस. तीन महिन्यांचं भाडं माफ, नवा राउटर फुकट, आणि त्या बदल्यात तक्रार मिटली असं समजावं. खाली सहीची जागा. गल्लीत सणासारखं वातावरण झालं. मंदारने पत्र वाचता वाचताच पेन शोधलं. पीटर्सची अट होती की सगळ्यांच्या सह्या एकदम आल्या तरच हे मिळेल, आणि बावीस घरं तयार होती.

काकूंनी सही केली नाही. ब्रायनच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले होते, आणि काकू मधोमध उभ्या राहून एकेकाने आपल्याकडे बघेपर्यंत थांबल्या. मग मला म्हणाल्या, "यांना सांग. तक्रार मिटली असं लिहून दिलं की एक्स्चेंजमध्ये काय करतात, ते मला माहीत आहे. कार्ड काढून दुसऱ्या पेटीत टाकतात. त्या पेटीतलं कार्ड कोणी परत काढत नाही. मला राउटर नको. माझ्या बहिणीला माझे ओठ दिसले पाहिजेत."

मी सांगितलं. विमलताईंचंही सांगितलं, कारण इंग्रज घरांना ते माहीत नव्हतं. मग आमच्याच मंदारने, अगदी नम्रपणे, विचारलं, "पण काकू, लाइन कुठे खराब आहे हेच माहीत नसेल तर कंपनीला करा तरी काय म्हणायचं?"

प्रश्न बरोबर होता. "आठ दिवस द्या," काकू एवढंच म्हणाल्या. बावीस घरांनी आठ दिवस दिले, काहींनी तोंड वाकडं करून.

त्या आठवड्यात काकूंनी तेवीस वह्या परत मागवल्या आणि आमच्या डायनिंग टेबलावर ओळीने मांडल्या, एक नंबरच्या घरापासून तेवीसपर्यंत. मी आकडे वाचायचे, त्या ऐकायच्या. डोळे मिटून ऐकायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाल्या, "आता फक्त पावसाचे दिवस वाच."

मी वाचले. एक नंबर ठीक. तीन ठीक. सात ठीक. नऊ नंबर, ब्रायन, झकास. दहा नंबर, निम्म्याहून कमी. अकरा, तसंच. बारा, चौदा, सतरा, एकवीस, सगळीकडे पाऊस आला की वेग बसला होता आणि नंतर दोन दिवस बसूनच राहिला होता. ब्रायनच्या घरापर्यंत लाइन चांगली आणि त्याच्या पुढे पाण्यात. इतकं सरळ होतं ते. मी माझ्या सगळ्या सर्टिफिकिटांसकट तोंड उघडं टाकून बसले.

"केबलच्या सांध्यात पाणी जाऊन राहिलं," काकू म्हणाल्या. "नऊ आणि दहाच्या मध्ये कुठेतरी जमिनीत केबलच्या खड्ड्याचं झाकण असेल. आमच्याकडे सीताबर्डीला दर पावसाळ्यात व्हायचं."

आम्ही कोट घालून झाकण शोधायला गेलो. फुटपाथवर नव्हतं. ब्रायनच्या कडेच्या गवतातही नव्हतं. मग काकू वाकल्या आणि त्याच्या कॅरॅव्हॅनखाली बघून उठल्या. झाकण तिथे होतं, कॅरॅव्हॅनच्या डाव्या चाकाखाली. गेली कित्येक वर्षं होतं.

ब्रायनचा चेहरा बघवत नव्हता. तक्रारीचा अध्यक्ष तो, सगळ्यात सुंदर पत्र त्याचं. पण त्या संध्याकाळी त्याने आणखी एक सुंदर पत्र लिहिलं, तेवीस घरांसाठी एकच मजकूर. तुमचा देकार आम्ही आनंदाने स्वीकारतो, फक्त तत्पूर्वी नऊ नंबरशेजारचं झाकण उघडून आतला सांधा दुरुस्त व्हावा, सोबत पावसाचा तक्ता. बावीस जणांनी त्याखाली सही केली. तेविसावी सही काकूंनी केली, मराठीत, पूर्ण नावाने.

कंपनीचा इंजिनियर आला तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. कॅरॅव्हॅन हलवायची होती, पण तिच्या टायरमध्ये हवा नव्हती आणि ब्रेक गंजलेला. अख्खा क्लोज ढकलायला आला. पोलिश बहिणी, सुहास, मंदार, मार्गरेट, आणि साडीवर कोट आणि पायात रश्मीचे वेलिंग्टन, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातलेल्या काकू. मिसेस डॉब्स बाजूला उभी राहून एक, दोन, तीन म्हणत होती. कॅरॅव्हॅन हलली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

झाकणाला मोठी चीर होती. इंजिनियरने ते उचललं आणि आत बघून शीळ घातली. खड्डा काठोकाठ भरलेला आणि सांधा त्यात बुडालेला. त्याने चिरेकडे बघितलं, मग कॅरॅव्हॅनच्या चाकाकडे, मग ब्रायनकडे. तो काही विचारणार एवढ्यात काकू पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "टी? मिल्क, शुगर?" तो म्हणाला, दोन चमचे. पुढे तो विषय निघाला नाही. जाताना त्याने विचारलं की हे शोधलं कोणी, आणि ब्रायनने काकूंकडे बोट दाखवलं. इंजिनियरने हातमोजा काढून त्यांच्याशी हात मिळवला. तुम्ही कुठल्या खात्यात होता, असं त्याने विचारलं. काकू म्हणाल्या, "टेलिफोन्स. नागपूर." जणू ते शेजारच्या गावाचं नाव असावं अशा थाटात.

त्या रविवारी मुसळधार पाऊस होता. दहाच्या पाळीला आम्ही सगळे वैरागड्यांच्या हॉलमध्ये कोंबून बसलो होतो. विमलताई पडद्यावर आल्या. कृश, मोठा चष्मा, अंबाड्यात फूल. काकू काही बोलल्या, आवाज न काढता. त्या बहिणीशी नेहमी अशाच बोलायच्या, नुसत्या ओठांनी. विमलताई पुढे झुकून बघत राहिल्या, आणि मग त्यांच्या त्या सपाट, वर-खाली न होणाऱ्या आवाजात खणखणीत म्हणाल्या, "शकू, किती म्हातारी झाली तू. केस काळे कर." पुढची पंचवीस मिनिटं दोघी भांडत होत्या. एक आवाज करून आणि एक न करता. सुहास डोळे पुसत होता आणि मंदार त्याला रुमाल देत होता. मीही रडले, लपवण्यात अर्थ नाही.

काकू एप्रिलमध्ये नागपूरला गेल्या आणि मेमध्ये परत आल्या. तीन महिन्यांचं माफ झालेलं भाडं कोणी कशात घातलं ते आठवत नाही. राउटर मात्र सगळ्यांनी घेतले.

परत आल्यावर त्यांनी नवीनच काम काढलं. रविवारी त्यांच्या पाळीत दर आठवड्याला एक माणूस त्यांच्या शेजारी बसायचं, पाच मिनिटं. आधी रश्मी, मग ईशा, मग मी. विमलताईंशी बोलायचं. ओरडायचं नाही, तोंड वेडंवाकडं करायचं नाही, हनुवटीला हात लावायचा नाही, वाक्य पूर्ण करायचं. काकू शेजारून आपल्या ओठांनी तेच वाक्य परत म्हणून दाखवायच्या म्हणजे विमलताईंना ताडून बघता यायचं. हे कशाला, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला वर बघायला लावलं. "सत्तरीला आली मी. एकाच लाइनीवर इतका भार ठेवत नसतात."

रश्मीचे ओठ विमलताईंना उन्हाळ्यात वाचता यायला लागले. ईशाचे निम्मे, कारण तिचे पुढचे दात पडले होते. माझे काही केल्या जमेनात. पुणेकर तोंड उघडत नाहीत, असा काकूंचा निष्कर्ष होता.

हिवाळ्याच्या तोंडावर मंदारला एडिनबराला नोकरी मिळाली. आमच्या शेवटच्या रविवारी मी काकूंकडे गेले तेव्हा घरात त्या एकट्याच होत्या. त्यांनी मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं आणि दुसरी खुर्ची बाजूला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी सरकवली. विमलताई आल्या. मी उजेडाकडे तोंड केलं आणि सावकाश म्हणाले, "विमलताई, आम्ही एडिनबराला चाललो. तिथून दर रविवारी मी तुमच्याशी बोलेन."

मी नेहमीसारखी थांबले, काकूंनी माझं वाक्य परत म्हणावं म्हणून. त्या काही बोलल्या नाहीत. पडद्यावर विमलताईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्या म्हणाल्या, "एडिनबरा फार थंड आहे म्हणतात. रविवारी बोलशील ते बरं होईल. स्वेटर विणून पाठवते, छाती किती तुझी?"

मला इतका आनंद झाला की काकूंना सांगायला मी वळले. खुर्ची रिकामी होती. काकू मागच्या बागेत होत्या आणि दोरीवरचे कपडे काढत होत्या. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, त्यांची स्वतःची पाळी अजून वीस मिनिटं बाकी होती. त्या एकेक कपडा झटकून, घडी घालून, सावकाश टोपलीत ठेवत होत्या, आणि त्यांनी एकदाही खिडकीतून आत बघितलं नाही. मग मी पडद्याकडे तोंड केलं, हनुवटीचा हात काढला आणि विमलताईंना माप सांगितलं.